गल्लीतील भिंत कोणाची?

(इंदूर येथे मराठीभाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात प्रचाराच्या साधनांचा विचार चालला आहे. सकाळी वृत्तपत्रावर आणि जाहीर सभेवर चर्चा झाली. माझ्या वाट्याला भिंत आली आहे. मी चित्रकलेची जाणकार नाही, निवडणुकीची तज्ज्ञ तर नाहीच नाही. पक्षाच्या कचेरीत इंग्रजी, हिंदी आणि थोडाफार बंगाली मजकूर मराठीत आणणे हे माझे काम. या कामाच्या निमित्ताने २०२४ साली दोन वेळा कलकत्त्याला जाणे घडले. तेथील एका गल्लीत जे दिसले, त्याच्या आधारानेच मी बोलणार आहे.

प्रथम शब्दाविषयी. शब्दापाशी थांबल्यावाचून अनुवादकाला पुढे जाता येत नाही. मराठीत 'भित्तिचित्र' म्हटले की अजिंठ्याची लेणी डोळ्यांपुढे येतात, किंवा एखाद्या जुन्या वाड्यातील रंगवलेला गणपती. रस्त्यावरील भिंतीवर कोणी काही लिहिले, तर आपण सरळ 'भिंती खराब केल्या' असे म्हणतो. 'ग्राफिटी' हा शब्द मराठी दैनिकांनी उचलला खरा, पण तेथे त्याचा अर्थ चौकटीत छापलेले चटपटीत वाक्य एवढाच उरला. भिंतीचा त्याच्याशी संबंध राहिला नाही. बंगालीत मात्र 'देओयाल लिखन' असा घरगुती वाटावा इतका रुळलेला शब्द आहे. तो उच्चारला की चुना, कुंचला, निवडणूक आणि पाड्यातील पोरे एकदम उभी राहतात. एखाद्या व्यवहाराला भाषेत असे नाव मिळाले, की तो व्यवहार त्या समाजात मुरलेला आहे असे समजावे.

मे २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीचा शेवटचा टप्पा जवळ आला होता. उत्तर कलकत्त्याचे मतदान १ जूनला व्हावयाचे होते. शोभाबाजारच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडून मी कुमारटुलीकडे, म्हणजे जेथे दुर्गेच्या मूर्ती घडतात त्या वस्तीकडे, पायी निघाले होते. मुख्य रस्त्यावर फ्लेक्सचे फलक इतक्या दाटीने लावलेले होते, की घरांचे पहिले मजले झाकून गेले होते. ऊन चुकवावे म्हणून एका गल्लीत शिरले. दोन माणसे अंग चोरून एकमेकांना ओलांडतील एवढीच रुंदी. दोन्ही बाजूंना पोपडे सुटलेली, हिरव्या झडपांच्या खिडक्यांची घरे. दाराबाहेर बसण्याचे ओटे. त्यांना तेथे 'रॉक' म्हणतात. आणि एका बाजूला तीसेक पावले लांबीची भिंत, तिचा वीतभर भागही कोरा नव्हता.

एका टोकाला पांढऱ्या चुन्यावर ठसठशीत तांबड्या अक्षरांत 'बिपुल भोटे जयी करुन' असे लिहिलेले होते. मराठी वाचक येथे क्षणभर अडखळतो. आपले 'करून' काम झाल्यानंतरचे. बंगाली 'करुन' ही विनंती आहे, 'करा' अशी. पुढे 'भोट दिन' होते. तो आपला दिन म्हणजे दिवस नाही. 'द्या' असा त्याचा अर्थ. शेजारी प्रतिस्पर्ध्याचे गवतफूल, त्यापलीकडे कमळ. समोरच्या घराच्या भिंतीवर दोन तरुण हाताचा पंजा रंगवीत होते आणि ते दोघे डाव्या युवक संघटनेचे होते. त्या मतदारसंघात काँग्रेसच्या उमेदवाराला डाव्या आघाडीचा पाठिंबा होता. त्यांच्या आजोबांनी ही गोष्ट ऐकली असती तर काय म्हटले असते, हा प्रश्न मी विचारला नाही. पण पंजाची बोटे त्यांना नीट साधत नव्हती हे खरे.

चिन्हांच्या खालच्या पट्ट्यात गॅसच्या सिलिंडरवर हनुवटी टेकून बसलेल्या गृहिणीचे व्यंगचित्र होते आणि त्याखाली दोन ओळींचे यमक. मग आकाशी-पांढरे पट्टे आणि दहाचा आकडा: डिसेंबर २०२२ मध्ये अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, त्याची ती खूण. त्याला लागून पाड्यातील क्लबाच्या रक्तदान शिबिराची सूचना. मग घरमालकाची 'येथे जाहिरात लावू नये' अशी मिटत आलेली ताकीद. तिच्यावरच कोणी शिकवणीची जाहिरात चिकटवलेली. गल्लीच्या वळणावर गुडघ्याएवढ्या उंचीला देवादिकांच्या चार फरशा बसवलेल्या होत्या. त्यांचा हेतू भारतभर सर्वांना ठाऊक आहे, मी सांगायला नको.

पण ज्यामुळे मी तेथे थांबले ते चित्र वेगळेच होते. चुन्याचा एक मोठा पापुद्रा सुटला होता आणि त्याखाली जुना थर दिसत होता. त्याखाली आणखी एक. सर्वांत खोलवर 'साईट फॉर' ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे एका पक्षाची आद्याक्षरे वाचता येत होती. कलकत्त्यात भिंती अशा राखून ठेवण्याची रीत आहे. निवडणुकीच्या कितीतरी आधी चुना फासायचा, कोपऱ्यात पक्षाचे नाव आणि साल टाकायचे. मग त्या भिंतीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्या पक्षाचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढची हकीकत ऐकल्यावर तुमच्या ध्यानात येईल की त्या गल्लीत सर्वच पक्षांचा हिशेब सारखाच होता.

ओट्यावर एक वृद्ध माशिमा बसल्या होत्या. भिंत त्यांच्याच घराची. मी मोडक्या बंगालीत विचारले, "माशिमा, ही सगळी मुले तुम्हांला विचारून लिहितात का?" त्या म्हणाल्या, "१९७७ साली विचारायला आली होती. यांनी हो म्हटले. मुलांनी चहा घेतला, दोन-दोन शिंगाडे खाल्ले. त्यानंतर कोणी विचारलेले नाही." आपल्या सामोशाला तेथे शिंगाडा म्हणतात. मग २०११ साली राज्यात सत्ता बदलली आणि भिंतीवरचे नावही बदलले; तेव्हा तरी विचारले असेल? माशिमांनी नुसता हात हलवला.

कॉम्रेड्स, मला जे सांगायचे आहे ते या एका हकीकतीत आहे. पण त्याकडे येण्यापूर्वी या धंद्याचा थोडा इतिहास पाहू, कारण तो आपण समजतो त्यापेक्षा फार जुना आहे.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इटलीतील पाँपेई हे शहर गाडले गेले. ते खणून काढल्यावर रस्त्याकडेच्या भिंतींवर निवडणुकीच्या प्रचाराची रंगवलेली लिखाणे सापडली, अडीच हजारांहून अधिक. अमक्याला नगराधिकारी निवडा, अमुक धंद्याचे लोक त्याच्या पाठीशी आहेत, अशा त्यांच्या भाषेत आणि आपल्या पत्रकांच्या भाषेत अंतर फारसे नाही. फळविक्रेते, सोनार यांच्या नावाने आवाहने आहेत. मतदानाचा हक्क नसलेल्या खाणावळीतील स्त्रियांच्या नावानेही आहेत. व्हाटिया नावाच्या उमेदवाराला रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा आणि भुरट्या चोरांचा पाठिंबा असल्याचे लिहून ठेवलेले आहे. ही विरोधकांची करामत असावी असे विद्वान मानतात. या कामात श्रमविभागही होता. एक जण आधी भिंतीला पांढरे करी, दुसरा अक्षरे लिही, तिसरा कंदील धरी. एमिलियस केलेर नावाच्या लेखकाने मात्र एका जागी नोंद करून ठेवली आहे, की हे मी एकट्याने, चांदण्यात लिहिले. साम्राज्याच्या इतिहासात त्या माणसाला एक ओळही मिळाली नसती. भिंतीने त्याला ती दिली.

अशीच श्रमविभागणी विसाव्या शतकात चिलीमध्ये दिसते. २८ जानेवारी १९४६ रोजी सांतियागोच्या चौकात कामगारांच्या निदर्शनावर गोळीबार झाला आणि रामोना पार्रा ही तरुण कम्युनिस्ट मुलगी मारली गेली. तिच्या नावाने १९६८ साली चिलीच्या तरुण कम्युनिस्टांनी भिंती रंगवणारी पथके उभारली. पोलीस येण्याच्या आत काम उरकायचे असे, म्हणून एकाने बाह्यरेषा काढायची, दुसऱ्याने पार्श्वभूमी भरायची, तिसऱ्याने आतले रंग. जाड काळी रेषा आणि सपाट रंग ही त्यांची शैली म्हणून पुढे नावाजली गेली; तिचा उगम घाईत आहे. १९७१ साली रोबेर्तो माता या जगप्रसिद्ध चित्रकाराने या पथकाबरोबर सांतियागोच्या ला ग्रांखा या कष्टकरी वस्तीत पोहण्याच्या तलावाजवळील भिंतीवर चित्र काढले. 'चिलीच्या जनतेचा पहिला गोल' हे त्याचे नाव. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्या भिंतीवर रंगाचे थर चढवण्यात आले, सुमारे सोळा. एकविसाव्या शतकात ते थर बोटाएवढ्या हत्यारांनी खरवडून काढून २००८ साली चित्र पुन्हा लोकांपुढे आले. गोलाचे चित्र पुसायला सोळा वेळा रंगारी पाठवावे लागले, ही त्या राजवटीने दिलेली एक प्रकारची पावतीच म्हणावी लागेल.

आता पुन्हा कलकत्त्याकडे. १९७० च्या सुमारास त्या शहराच्या भिंतींवर माओंचे साच्याने उठवलेले मस्तक जागोजाग दिसे. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा साचा, काळा रंग, एका मिनिटाचे काम. त्याखाली 'चीनचे चेअरमन आमचे चेअरमन' ही नक्षलवाद्यांची घोषणा. गंमत अशी, की त्याच वर्षी पेकिंगला गेलेल्या त्यांच्या प्रतिनिधीला चौ एन-लाय यांनीच सुनावले, की दुसऱ्या देशाच्या नेत्याला आपल्या पक्षाचा अध्यक्ष म्हणणे चूक आहे. पण भिंतीवरची घोषणा निरोप मिळाल्याबरोबर पुसली जात नाही. ती पावसाने धुपेपर्यंत राहते. छापील पत्रक मागे घेता येते, भाषणाचा खुलासा करता येतो. भिंतीवर चढलेले वाक्य मात्र लिहिणाऱ्याच्या हातून सुटते. म्हणून भिंतीवर काय लिहायचे हे ठरवताना वृत्तपत्रातील अग्रलेखापेक्षा अधिक विचार करावा लागतो. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. अग्रलेख तिघे जण वाचून पाहतात आणि भिंतीवरचे वाक्य ज्याच्या हातात कुंचला असेल तो ठरवतो.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते. १९७६ साली, सिद्धार्थ शंकर राय यांच्या काँग्रेस सरकारच्या काळात, पश्चिम बंगालमध्ये मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा कायदा झाला. तो बराच काळ कागदावर राहिला. २००६ च्या विधानसभा निवडणुकीत निवडणूक आयोगाने त्याची कडक अंमलबजावणी केली आणि कलकत्त्याच्या भिंती एकाएकी मुक्या झाल्या. तेव्हा आपल्यातील पुष्कळांना वाटले, की ही गरिबांच्या प्रचारसाधनावर गदा आहे. तक्रार अगदी खोटी नव्हती. चुना आणि कुंचला स्वस्त असतो, दूरदर्शनवरील जाहिरात नसते. पण निकाल काय लागला? डाव्या आघाडीला २९४ पैकी २३५ जागा मिळाल्या. २०११ साली भिंती पुन्हा नखशिखांत रंगल्या, आणि आघाडी ६२ वर आली. भिंतीमुळे मते मिळतात किंवा जातात असा याचा अर्थ मी लावत नाही. २०११ च्या पराभवाची कारणे सिंगूर-नंदीग्रामपासून पुढे सर्वांना माहीत आहेत. पण भिंत भरलेली असणे आणि भिंतीमागचे घर आपल्याबरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी हे दोन आकडे दाखवतात.

आणि आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत पहिल्याच भागात एक साधे कलम आहे: कोणाच्याही खाजगी जागेवर, इमारतीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर त्याच्या परवानगीवाचून घोषणा लिहू नयेत. याला कोणी नोकरशाही जाच म्हणेल. मला त्या कलमात माशिमांचा चहा दिसतो. १९७७ साली मुले परवानगी मागायला गेली, ओट्यावर बसली, तेव्हा दहा मिनिटे तरी बोलणे झाले असेल. घरात कोण कामाला आहे, रेशन मिळते का, मुलगी शाळेत जाते का, हे त्यांना कळले असेल. भिंतीवर अक्षर उमटण्यापूर्वीच प्रचाराचे अर्धे काम उरकले होते. पुढे भिंत 'राखीव' झाली आणि हे दहा मिनिटांचे बोलणे वाचले. आपण वेळ वाचवला असे समजलो. जे वाचवले ते नेमके काय होते याचा हिशेब पक्षाच्या कोणत्याही अहवालात मी अनुवादित केलेला नाही.

त्याच गल्लीच्या तोंडाशी मला एक रंगारी भेटला. पन्नाशीचा असेल, गुडघ्यापर्यंत लुंगी, बोटांच्या पेरांत तिन्ही पक्षांचे रंग. मी विचारले, "दादा, तुम्ही कोणत्या पक्षाचे?" तो हसून म्हणाला, "दिदी, सकाळी फुलाचा, जेवणानंतर कमळाचा." त्याने काम समजावून सांगितले. आधी भिंत खरवडायची. चुन्यात डिंक घालून दोन हात द्यायचे, नाहीतर अक्षर पहिल्याच पावसात ओघळते. मग रंगात बुडवलेली दोरी ताणून सोडायची, म्हणजे ओळ सरळ पडते. अक्षराची कड आधी काढायची, पोट नंतर भरायचे. बंगाली अक्षरांची वरची मात्रा शेवटी एका दमात ओढायची, हात न उचलता. त्यात कारागिराची परीक्षा. पूर्वी निवडणुकीच्या दोन महिन्यांत त्याला श्वास घ्यायला उसंत नसे. फ्लेक्स आल्यापासून मुख्य रस्ता गेला, गल्ल्या तेवढ्या उरल्या. फ्लेक्स एका रात्रीत छापून येतो, त्यावर नेत्याचा चेहरा मोठा येतो, आणि पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याला आपलाही चेहरा कोपऱ्यात लावता येतो. कुंचल्याने चेहरा काढून घ्यायचा तर रंगाऱ्याच्या हाताखाली तासभर जातो आणि तो चेहरा आपल्यासारखा येईल याची खात्री नसते. फ्लेक्सच्या विजयात स्वस्ताईइतकाच या हौसेचा वाटा आहे, असे माझे मत झाले आहे. आपले पुढारी या हौसेपासून अलिप्त आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

येथे इंदुरात बसून या कारागिरांना हलके लेखणे तर शोभणारच नाही. याच शहरात वाढलेला मकबूल फिदा हुसेन मुंबईला गेला आणि सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरू लागला. देवळालीकर मास्तरांच्या ज्या शाळेने हुसेन घडवला, तिनेच बेंद्रे घडवले आणि तुमचे विष्णू चिंचाळकर गुरुजीही.

दुसऱ्यांदा कलकत्त्याला गेले ती सप्टेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात, ९ ऑगस्टला, आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि त्यानंतर आंदोलन थांबेना. ते रुग्णालय उत्तर कलकत्त्यातच, त्या गल्लीपासून फार दूर नाही. तिचे नाव घेण्यास कायद्याने मनाई आहे. लोकांनी तिला अभया म्हटले, तिलोत्तमा म्हटले. त्या दिवसांत श्यामबाजारच्या परिसरात पाहिले तर भिंतींवर अजून लोकसभेचीच चिन्हे होती, आणि लोक डांबरी रस्त्यावर लिहीत होते. विद्यार्थी, चित्रकलेचे पदवीधर, शेजारपाजारच्या मुली चौकात वाकून मोठमोठी अक्षरे रंगवीत होत्या. 'बिचार चाइ.' आपल्याकडे 'विचार' म्हणजे मनातले. बंगालीत 'बिचार' म्हणजे न्याय. अनुवाद 'न्याय हवा' असाच करायचा, पण मराठी कानाला त्यात दुसराही अर्थ ऐकू येतो आणि तो पुसून टाकावासा वाटत नाही.

मी एका मुलीला विचारले, "रस्त्यावर का? उद्या बसगाड्या जातील आणि अक्षरे झिजतील. भिंतीवर का नाही?" ती म्हणाली, "भिंती पार्ट्यांच्या आहेत."

कॉम्रेड्स, हे वाक्य मी दिल्लीला परतल्यावर कचेरीत सांगितले तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, की ही अराजकीय मध्यमवर्गीय वृत्ती आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश असेल. पण प्रश्न असा आहे, की सत्ताधाऱ्यांना जाब विचारायला निघालेल्या एका मुलीला शहराच्या सगळ्या भिंती कोणाच्या तरी मालकीच्या वाटल्या, आणि 'कोणाच्या तरी' मध्ये तिने आपल्यालाही धरले. भिंतीचे लेखन हे बिनभांडवली लोकांचे साधन म्हणून आपण त्याचा कैवार घेतो. त्याच साधनावर आपण 'साईट फॉर' लिहिले, साल टाकले, आणि ते एक छोटेसे भांडवल बनवले. मग आपल्यापेक्षा बलवान पक्ष आला आणि त्याने ते भांडवल ताब्यात घेतले. तक्रार कोणत्या तोंडाने करायची? ज्या माशिमांच्या साक्षीने ती करता आली असती त्यांना आपण विचारलेच नव्हते.

दुसऱ्या बाजूने भिंतीवर आणखी एक दावेदार आला आहे, त्याचीही दखल घेतली पाहिजे. दिल्लीत लोधी कॉलनी नावाची सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत आहे. तेथे २०१५-१६ पासून एका संस्थेने देशोदेशीच्या चित्रकारांकडून प्रचंड भित्तिचित्रे काढून घेतली आहेत. खर्चाला एका मोठ्या रंग-कंपनीचा हातभार आहे. चित्रे सुरेख आहेत, हे नाकारणे करंटेपणाचे ठरेल. रविवारी तरुण मंडळी तेथे छायाचित्रे काढायला येतात. पण त्याच दिल्लीत २००७ च्या विद्रूपणविरोधी कायद्याखाली भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच शहरात भिंतीवरचा पक्षी ही कला आणि भिंतीवरची मागणी हा गुन्हा. फरक रंगात नाही, परवानगी देणारा कोण यात आहे.

तुमचे इंदूर तर याबाबत सर्वांच्या पुढे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिले आलेले शहर. स्थानकावरून येताना पुलाचे खांब, शाळांच्या भिंती, नाल्यांचे कठडे सगळे रंगवलेले दिसले. सगळीकडे ओला कचरा, सुका कचरा आणि हसरी मुले. चित्रांवर माझा राग नाही. मी फक्त एक सुचवीन: या भिंतींवर पहाटे चारला झाडू घेऊन निघणाऱ्या सफाई कामगार बाईला किती जागा मिळाली आहे, हे तुम्ही एकदा चालत जाऊन मोजा. आणि हुकुमचंद मिलच्या आवाराकडेही जा. ती गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांची देणी चुकती होण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षे. तोवर किती जण गेले. त्या बत्तीस वर्षांवर या शहराच्या कोणत्या भिंतीवर काही लिहिलेले आहे का, हे मला येथील कॉम्रेड्सनी सांगावे.

महाराष्ट्रातून आलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' हे वाक्य भिंतीभिंतीवर होते. ते लिहायला कोणा पक्षाने भिंत राखून ठेवली नव्हती. चुना मिळाला त्याने चुन्याने लिहिले, गेरू मिळाला त्याने गेरूने. गिरणगावात फाटकाजवळ खडूने लिहिलेला फळा असे. त्यावर रोज नवे लिहायचे तर रोज तेथे जावे लागे, आणि गेले की चार माणसे थांबून बोलत. त्या फळ्याचे महत्त्व माझ्या मते खडूपेक्षा त्या जाण्यात होते.

तेव्हा आपल्या शाखांपुढे मी काही अगदी छोट्या गोष्टी ठेवते. दरवेळी परवानगी मागावी. गेल्या खेपेची चालणार नाही. घरात बाई असेल तर तिला विचारावे, कारण ती भिंत रोज तिच्या डोळ्यांपुढे राहणार आहे. 'साईट फॉर' लिहिण्याची रीत आपल्यापुरती तरी बंद करावी. निवडणूक संपली की पंधरा दिवसांत आपणच चुना देऊन भिंत परत करावी. गावात अक्षरे रंगवणारा कारागीर असेल तर त्याला काम द्यावे आणि पुरी मजुरी द्यावी. त्याने सकाळी दुसऱ्या पक्षाचे काम केले याचा राग धरू नये. आणि अर्ध्या भिंतीवर वस्तीला जे लिहायचे असेल ते लिहू द्यावे, मग ते पाण्याच्या वेळापत्रकाविषयी असो की फुटबॉलविषयी. शेवटच्या मुद्द्याला येथील सचिवांचा विरोध आहे, हे मी त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांचे म्हणणे, अर्धी भिंत सोडली तर तिच्यावर उद्या दुसरा पक्ष येऊन बसेल. येईलही. त्यावर आता चर्चेत बोलू.

काल सायंकाळी आम्ही तिघे जण परदेशीपुऱ्यात एका घरी विचारायला गेलो होतो. घरातील मावशींचे यजमान गिरणीत होते. मावशींनी चहा दिला, गिरणीची सबंध हकीकत सांगितली, त्यात पाऊण तास गेला. भिंत द्यायला त्यांची हरकत नाही. अट एकच घातली आहे: खालच्या अंगाला नातवाने कोळशाने तीन स्टंप काढलेले आहेत, त्यांच्यावर चुना जाता कामा नये.